पुंजाची सळई

सिन्नरची एसटी फाट्यावर सोडते. तिथून चालत आत गेलं की पुंजाची वस्ती लागते. बायको वारली, लेक सविता सटाण्याला सासरी. राहिला पुंजा एकटा, आणि बांधापलीकडे त्याचा चुलतभाऊ लहानू. दोघांत विहीर एक, म्हणून पाण्याची पाळी ठरलेली. एकाचं भिजवून झालं की त्याने बांधावर येऊन ओरडायचं, "सोडू का?" आणि दुसऱ्याने म्हणायचं, "सोड." उभ्या आयुष्यात एकही पाळी या सवालजबाबाशिवाय गेली नाही. भांडण झालेलं असलं तरी हाक द्यायचीच. अबोला धरायलासुद्धा दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर लागतो, हे पुंजाला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मग विहिरीवर सोलर पंप आला आणि पंपासोबत एक डबा. दोघांच्या वावरांत एकेक सळई रोवली. ती मातीतली ओल मोजून डब्याला कळवायची. डब्याने ऊन पाहिलं, हवामान पाहिलं, कोणाचा गहू किती पाणी पितो ते शिकून घेतलं आणि पाळी स्वतःच लावायला लागला. विजेसाठी रात्री कुडकुडत जागणं संपलं. पुंजा उगाच कुरकुर करणाऱ्यांतला नव्हता. गहू खरंच झकास आला होता. पण संक्रांत झाली तसा लहानू म्हणाला, "मोबाईलवर समदं दिसतंय, मी कशाला हितं बसू?" आणि नाशिकला लेकाकडे, धनराजकडे राहायला गेला. त्याच्या वावरात आठवड्याने एक गडी चक्कर मारायचा, तेवढंच.

त्यानंतर मोटर वेळेवर चालू व्हायची आणि वेळेवर बंद. पुंजा तरीही बांधावर जाऊन उभा राहायचा. एकदा सवयीने त्याच्या तोंडून "सोडू का?" निघून गेलं, आणि पलीकडे पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शेवटी त्याने नको तो उद्योग केला. आपल्या वावरातली सळई उपटली आणि कोरड्या बांधात नेऊन खोचली. डबा फसेल, लहानूचं पाणी इकडे वळेल, लहानू तणतणत येईल, चार शिव्या हासडेल. शिव्या तर शिव्या, माणूस तर येईल. चहासाठी त्याने दूधही जास्तीचं काढून ठेवलं.

डबा कसला फसतोय! काल भिजलेली जमीन आज अशी खडखडीत होत नाही, एवढं तो केव्हाच शिकला होता. पाणी ठरल्याप्रमाणेच गेलं. दुपार कलली तरी कोणी आलं नाही. पुंजाने दूध मांजरीला घातलं आणि सळई परत जागेवर रोवायला उठला, तेवढ्यात फोन वाजला.

"मोबाईल सांगतोय, तुझी सळई उपटलीय," लहानू म्हणाला.

"बैलाचा पाय लागला आसंल."

"बैल तू कवाच इकलेस."

मग लहानू हळूच म्हणाला, "हितं सातव्या मजल्यावर दिवसभर कोणी हाक मारत नाय रे. पोरगा-सून कामाला जात्यात. मी आपला मोबाईलमधी तुझं वावर बघत बसतो."

विहिरीवर मोटर चालूच होती. पुंजा बांधावर जाऊन उभा राहिला. त्याने विचारलं, "सोडू का?"

"सोड," लहानू म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता, "उद्या बी काढ ती सळई."