फक्कीमामांची दोरी

फक्कीमामा उलटे चालायचे. भिंगारच्या आमच्या फुटबॉलच्या मैदानावर सामन्याच्या दिवशी सकाळी सातच्या आत जो कोणी गेला असेल, त्याने ते पाहिलेलं आहे. थंडीचे दिवस, चिंचांखालचं धुकं अजून उठलेलं नाही, आणि त्या धुक्यात एक काटकुळा माणूस मागे वळूनही न बघता मागे मागे चाललेला. हातात बुडाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा. डबा हलला की चुन्याची फक्की खाली झरायची आणि मामांच्या पायांशी पांढरी रेघ उमटत जायची. दुरून वाटायचं, रेघ जमिनीत आधीपासून होतीच, मामा फक्त तिच्यावरची माती झटकताहेत. मी कितीतरी वेळा चहा थंड होऊ देऊन हे बघत उभा राहिलो आहे.

एकदा विचारलं, "मामा, सरळ का नाही चालत?"

"सरळ चाललं की आपलाच पाय रेघंवर पडतो, सर. उलटं चाललं की केल्याली रेघ नजरंसमोर ऱ्हाती. ती सरळ हाय का तेवढं बघायचं. पुढची आपसूक सरळ येती."

मी शाळेत गणित शिकवतो. सरळ रेषेची व्याख्या पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतली, पण हे काही माझ्या पुस्तकात नव्हतं.

मामांचं खरं नाव शांतवन. छावणीतल्या एका बंगल्यावर माळी होते, तिथून निवृत्त झाल्यावर मैदान आखायला लागले, ते कोणी सांगितलं म्हणून नव्हे. ख्रिस्ती देवळामागच्या गल्लीत दोन खोल्या आणि दारात कुंड्या. रविवारी मैदान आखून ते थेट उपासनेला जायचे आणि भुवया पांढऱ्याच असायच्या. मार्थामामी म्हणायच्या, "सगळी मान्सं देवळात धुऊन पुसून येत्यात, आमचं हे फक्की लावून येत्यात." मामा घरी आल्यावर तेवढे हात धुवायचे.

त्यांची खरी मालमत्ता म्हणजे दोरी. सुताची, जुनी, हाताळून मऊ झालेली. ठरावीक अंतरावर गाठी आणि बारा यार्डांवर एक लाल चिंधी. ती चिंधी म्हणजे पेनल्टीचा ठिपका. गोलरेषेच्या मध्यावर एक टोक खुंटीला अडकवायचं, दोरी ताणायची आणि चिंधीखाली मूठभर फक्की टाकायची. इतकी वर्षं आखूनही त्यांनी ठिपका कधी अंदाजाने टाकला नाही. मी टेप आणून देतो म्हटलं तर म्हणाले, "टेपाला काय कळतंय? दोरी हाताला सांगती, ढिली हाय म्हणून."

आता आमच्याबद्दल. मैदानाच्या पूर्वेला कमरेएवढी दगडी भिंत आहे. तिच्यावर दर रविवारी आम्ही आठ-दहाजण बसतो आणि संघ चालवतो. म्हणजे कोच वेगळा आहे, निवृत्त हवालदार, पण त्याला काही कळत नाही यावर भिंतीचं एकमत आहे. भिंतीचा सर्वांत मोठा आवाज माझा. त्याखालोखाल पंक्चरवाल्या रफीकभाईंचा. आमच्यातल्या कोणीही आयुष्यात धड एक कॉर्नर मारलेला नाही, पण कुणाला कुठे खेळवावं हे विचारा.

मी सांगतोय त्या हंगामात भिंतीत फूट पडली ती दहा नंबरावरून. आमचा जुना दहा नंबर अन्वर. सुप्याच्या एमआयडीसीत कायम झाला, पाळ्या सुरू झाल्या, गुडघाही बोलायला लागला, म्हणून बाजूला झाला. त्याच्या जागी कोचने आकाशला घातलं. रिक्षावाल्याचा पोरगा, वय एकोणीस. दहा नंबर म्हणजे संघाचा मेंदू. प्रत्येक चेंडू त्याच्याकडे येणार आणि कुठे जायचं ते तो ठरवणार. आकाश सरावात असं खेळायचा की बघत राहावं. सामन्यात मात्र पायाला चेंडू लागला की त्याला काही सुचायचंच नाही. लागोपाठ चार सामने पास चुकले. दोन पेनल्टी त्याने गोलकीपरच्या हातात नेऊन दिल्या.

मग काय, आमचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. मी लिहिलं, अन्वरला बोलवा, एका गुडघ्यावरसुद्धा तो बरा. रफीकभाईंनी बोलून पाठवलं, "सर, पोराला चार मॅचमध्ये काढता, तुमच्या वर्गात चार चाचण्यांत नापास झालेल्याला शाळेतून काढता का?" मी लिहिलं, अठरा जणांची यादी, त्यात दोन गोलकीपर, तीन दुखापतवाले, त्यात शिकाऊ किती पोसायचे? कुणीतरी त्या दोन पेनल्ट्यांचा व्हिडिओ रडक्या गाण्यावर लावून टाकला. त्यावर हसण्याचे बाहुले टाकणाऱ्यांत मीही होतो. आकाश त्या ग्रुपात आहे हे मला माहीत होतं.

मामा या वादात कधी पडले नाहीत. त्यांची वेगळीच पद्धत होती. सामना संपला की ते रेघांवरून एक फेरी मारायचे आणि कुठे किती पुसलंय ते बघायचे. एकदा भिंतीपाशी येऊन म्हणाले, "दहा नंबर आज कडंच्या रेघंवरच ऱ्हायला. मधलं वर्तूळ बघा, कोरं हाय. पोराला खेळ येतो, सर. त्याला तुमचं भ्या वाटतं."

"आमची कशाला? आम्ही तर भिंतीवर."

"भित्तीचंच वाटतं," मामा म्हणाले आणि डबा उचलून गेले.

आणखी एक गोष्ट होती, ती मला उशिरा कळली. रोज सकाळी आकाश मैदानावर एकटा येऊन पेनल्टी मारायचा. सामना नसला तरी मामा तिथे असायचेच, कधी खड्डे बुजवत, कधी नुसतेच. आकाशसाठी ते दोरी ताणून ठिपका टाकून द्यायचे, आणि चेंडू गोलात गेला की जाऊन काढून आणायचे. एकदा लवकर गेलो तर हे दिसलं. धुक्यात चेंडूचा धप्प आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पांढऱ्या भुवयांचे मामा काखेत चेंडू घेऊन बाहेर आलेले. आकाश ठिपक्यावर उभा राहून पावलं मोजत होता. मामा त्याला सांगत होते, "गोलकीपरकडं बघू नगं. बारा यार्ड पायाला कळू दी. एकदा पायाला कळलं की डोळं मिटून मार." मी दोघांना हाक न मारताच परत फिरलो. त्या दोघांच्या मध्ये जाणं बरं वाटलं नाही.

साखळीतला शेवटचा सामना आला. जिंकलो तर पुढे, बरोबरी झाली तर घरी. शनिवारी संध्याकाळी चहाच्या टपरीवर कोचने यादी चिकटवली. दहा नंबरापुढे आकाश. कोच म्हणाला, "उद्या शेवटचं बघतो. नाही जमलं तर अन्वरशी बोलणं झालंय माझं." आकाश यादीपाशीच उभा होता. त्याने ऐकलं आणि मान खाली घालून निघून गेला.

मामा बाकावर चहा पीत होते. मला गप्प बसवेना. म्हणालो, "मामा, आता तुम्हीच काहीतरी करा. उद्या ठिपका दोन पावलं पुढे घ्या. त्याच्याच्यानं बारा यार्ड काही होत नाही." टपरी हसली. मामा हसले नाहीत. कप खाली ठेवून ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

रविवारी बरोबरी चालू होती. शेवटची पंधरा मिनिटं उरली आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. भिंत उभी राहिली. कोचने बोट आकाशकडेच केलं. आकाश चेंडू घेऊन आला, ठिपक्यावर ठेवला, चार पावलं मागे गेला. आणि थांबला. गोलाकडे बघितलं, ठिपक्याकडे बघितलं. मग पुढे येऊन चेंडू उचलला आणि रेफरीकडे चालू लागला.

"भ्यालं," मी म्हणालो. रफीकभाईंनी डोक्याला हात लावला.

पण तो रेफरीला काहीतरी वेगळंच सांगत होता. मैदान इतकं शांत झालं होतं की आम्हाला भिंतीपर्यंत ऐकू आलं. "सर, ठिपका जवळ आलाय. बारा यार्ड नाहीयेत."

समोरच्या संघाचे खेळाडूही त्याच्याकडे बघत राहिले. रेफरीने पावलं टाकली. दहा आणि थोडं. दुसऱ्या टोकाला जाऊन टाकली, तिथेही तेवढंच. दोन्हीकडे सारखंच आहे म्हणून त्याने आरडाओरडा केला नाही. आखणाऱ्याला बोलवा, एवढंच म्हणाला.

चिंचेखालून मामा आले. त्या दिवशी ते सरळ चालत आले, तोंड आमच्याकडे, सगळ्यांच्या समोर. खिशातून दोरी काढली, टोक अडकवलं, ताणली, चिंधीखाली फक्की टाकली. ठिपका पसरून भाकरीएवढा झाला. आकाश शेजारी उभा होता. मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने मात्र पाहिलं, आणि तेव्हाच त्याला काय ते कळलं असावं, कारण त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला.

त्याने चेंडू नव्या ठिपक्यावर ठेवला आणि मारला. जोरात मारला, गोलकीपर हललासुद्धा नाही. चेंडू खांबाला लागून बाहेर आला. सामना बरोबरीत सुटला आणि आम्ही घरी गेलो.

संध्याकाळी टपरीवर नुसता कालवा. प्रत्येकाचं एकच म्हणणं, गप मारला असता जवळून तर काय बिघडलं असतं? हरिश्चंद्र व्हायची हौस. मी चहाचा कप घेऊन बाकाच्या टोकाला बसलो. तेवढ्यात मामा आले, टोपी काढली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ठिपका म्या सरकवला. चुकून न्हाई, जानूनबुजून. दोरी खोटी न्हाई, म्या ती खिशात ठिवली हुती. पोराला म्या रोज खरं अंतर शिकवलं आन् येळ आली तवा माझाच त्याच्यावर भरवसा न्हाई ऱ्हायला. त्याला कोन काय बोलू नका."

कल्पना कुणाची होती, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच होतो, हातात कप होता, आणि 'मी म्हणालो होतो' एवढे तीन शब्द मला उच्चारता आले नाहीत. सगळ्यांना माझी चेष्टा आठवत होती की नाही, कोण जाणे. मला आजही त्याची लाज वाटते.

पुढच्या हंगामाची यादी लागली तेव्हा दहा नंबरापुढे पुन्हा आकाशच होता. अन्वरचं काय झालं, असं कुणीतरी विचारलं. कोच म्हणाला, "बारा यार्डांवरून चुकणारा मला चालेल." ज्याला काही कळत नाही असं आम्ही समजत होतो, तो हे म्हणाला. आकाशला सूर सापडायला अजून एक हंगाम गेला. पण तो मधल्या वर्तुळात यायला लागला होता. मामांनीच रेघा बघून मला ते सांगितलं.

मैदान मात्र त्यांनी पुन्हा आखलं नाही. डबा आणि दोरी आकाशच्या हातात दिली आणि आमच्याबरोबर भिंतीवर येऊन बसले. आम्ही वाद घालायचो, ते ऐकायचे. कधी मी फार चढलो की हळूच म्हणायचे, "सर, भित्तीवरून मैदान लहान दिसतं." एवढंच. त्या शनिवारबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही. पुष्कळदा ओठांवर आलं. प्रत्येक वेळी वाटलं, पुढच्या रविवारी.

मामा गेल्या थंडीत गेले. झोपेतच. दफनाला अख्खा संघ जर्सी घालून आला होता. मार्थामामींनी त्यांचे हात धुतले होते, तरी नखांत थोडं पांढरं राहिलंच होतं. डबा सोडून इतकी वर्षं झाली होती, ते कुठून आलं मला माहीत नाही. कदाचित मलाच तसं दिसलं असेल.

नंतरच्या रविवारी मी सहालाच मैदानावर गेलो. धुकं होतं. आकाश दोरी सोडवत बसला होता. आता त्याला थोडी दाढी आहे, लहान पोरांना तो शिकवतो. मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "आकाश, तो ठिपका पुढे घ्यायला मामांना मी सांगितलं होतं. चेष्टेत. पण मीच."

त्याने दोरीतला गुंता सोडवला. मग दोरीचं टोक त्याने माझ्या हातात दिलं.

"खुंटी हरवलीय, सर. गोलच्या मधोमध हे धरून बसा. ढिलं सोडू नका."

मी गुडघे टेकून बसलो आणि टोक दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून धरलं. तो माझ्याकडे तोंड करून उलटा चालत गेला, धुक्यात, मागे न बघता, आणि दोरी माझ्या हातात ताठ झाली.