भरतीने नेलेले व्याख्यान

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या कारकुनांनो, मास्तरांनो आणि महिनाअखेरपर्यंत त्यांचा संसार ओढून नेणाऱ्या गृहिणींनो, आपणा सर्वांची एक तक्रार आहे. स्वराज्य आले, पण माणूस माणसाला विचारीनासा झाला. फलाटावर, पिठाच्या गिरणीत, रेशनच्या रांगेत, जिथे चार माणसे जमतात तिथे हे गाऱ्हाणे निघतेच. मी तर त्यावर व्याख्यानच रचले होते: 'माणुसकीचा दुष्काळ'. अठ्ठेचाळीस पाने, पावणेदोन तास. टाळ्या कुठे पडतील तिथे समासात खुणासुद्धा केलेल्या. कल्याणच्या एका वाचनालयाने रविवारी संध्याकाळी सहाची वेळ दिली होती.

ठाण्याहून आगगाडीने तासाभरात पोचलो असतो. पण दुष्काळाला ताजे पुरावे हवेत, म्हणून शनिवारी पहाटे निघून दोन दिवसांत पायी जायचे ठरवले.

"पुरावे शोधायला निघालात की टाळ्या?" बायकोने विचारले.

मी नवे जोडे चढवून बाहेर पडलो, तोवर उजाडले होते.

तुम्ही कुणी हा रस्ता धरणार असाल तर उजाडण्यापूर्वी निघा आणि नवे जोडे घालू नका. मी दोन्ही चुका केल्या. ठाण्याच्या तळ्याकाठी एका आण्याचा चहा आणि गरम भजी होईपर्यंत ऊन वर आले. कळव्याचा पूल ओलांडला की मिठागरे लागतात. फाल्गुनातल्या उन्हात ती पाहून घ्यावीत. चौकोनी वाफ्यांत आभाळ उतरलेले, घोटाभर पाण्यात माणसे लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढताहेत आणि बांधावर पांढऱ्या राशी. डोळे दिपतात, मग चुरचुरतात.

खारेगावापाशी जोडा चावू लागला. मागून मोटार आली. मी हात केला, तिने धूळ दिली. रस्त्याकडेला बसून मी समाधानाने वहीत लिहिले: पुरावा पहिला.

पेन्सिल खाली ठेवतो न ठेवतो तोच मिठाच्या गोण्यांनी भरलेली बैलगाडी शेजारी थांबली.

"मास्तर, पाय उसना घेतलाव का कोनाचा? बसा गारीन."

"मी मास्तर नाही. व्याख्याता आहे."

"मंजे?"

मी गाडीत चढून व्याख्याता म्हणजे काय ते सांगू लागलो. मुंब्र्याचा डोंगर दिसू लागला तेव्हा तो म्हणाला, "यवरा बोलता, मंजे मास्तरच."

त्याचे नाव हिराजी. जातीचा आगरी, मिठागरातच वाढलेला, आता गाडीवर मीठ घालून डोंबिवलीपर्यंत विकणारा. बैल दोन: मोऱ्या आणि बांड्या. मोऱ्या त्याच्या बापाच्या वेळचा, म्हातारा. बांड्या तरणा, अंगावर तपकिरी ठिपके. "गारी बांड्याच वरतो," जोर लावून ओढणाऱ्या बांड्याकडे बोट दाखवीत हिराजी म्हणाला, "मोऱ्या फकस्त सोबत करतो. बांड्या हाय म्हनून आमचे घरान चूल हाय."

मुंब्र्याला डोंगराच्या पायथ्याशी जनाबाई नावाच्या विधवेची पाणपोई आहे. वडाखाली तीन रांजण, वर गवताचे छप्पर. मी सवयीने ओंजळ पुढे केली, वरून कुणी पाणी ओतेल म्हणून. बाई हसली.

"ओंजळ कशाला? पेला आहे ना. बुडवा नि प्या."

"सगळ्यांना एकच पेला?"

"तहान एकच आहे की."

जे वाक्य मी वीस सभांतून पाऊण तास घेऊन मांडतो, ते तिने चार शब्दांत संपवले. हिराजी पाणी प्याला आणि गोणीतले मूठभर मीठ रांजणाजवळच्या दगडावर ठेवून आला. मिठाच्या गाडीवाल्यांची ही रीत आहे. पाणी जिथे प्यायले तिथे मूठभर मीठ ठेवायचे. ते पाणपोईवालीसाठी नसते. ज्याच्या पदरात कोरडी भाकरी आहे त्या कुणाही वाटसरूने त्यातले चिमूटभर घ्यावे. मीही माझ्या शिदोरीतल्या काकडीला ते लावले. काकडी गोड लागली.

रात्रीचा मुक्काम तिथेच झाला, कारण दिव्यापुढे खाडीचा एक फाटा आडवा येतो आणि गाडी ओहोटीलाच पलीकडे जाते. रविवारी सकाळची ओहोटी साधायची होती. जनाबाईने पिठले-भाकरी वाढली. मी वहीत काहीच लिहिले नाही. मुक्काम करणाऱ्यांनी अंथरूण आपले न्यावे. डासांची सोय तिथे आहे.

सकाळी गाडी दिव्यापाशी आली आणि मी बगल चाचपली. व्याख्यानाचे बाड वडाच्या फांदीला टांगलेलेच राहिले होते.

"काय ऱ्हायला?" हिराजीने विचारले.

"माझं भाषण."

"पोटान नाय का ते? कागदान हाय?"

मला लाज वाटली, पण मी म्हणालो, "कागदात आहे."

त्याने ओहोटीच्या पाण्याकडे पाहिले, माझ्या सुजलेल्या पायाकडे पाहिले आणि गाडी मागे वळवली. बाड घेऊन परतलो तेव्हा अकरा वाजत आले होते. फाट्याच्या तोंडाशी पाणी चढू लागले होते.

"आता सांजेला जावा," हिराजी म्हणाला.

"माझी सभा सहाला आहे हो," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो नसतो तर बरे झाले असते. त्याने पुन्हा पाण्याकडे पाहिले. "चला. मास्तरांची सभा."

मध्यावर बांड्याचा पाय रुतला. त्याने जोर केला तसा पोटापर्यंत खाली गेला. हिराजीने जू सोडले, मोऱ्याला ओढून काठावर घातले, बांड्या हलेना. आम्ही दोघे शिंगांशी, शेपटीशी झटलो. चिखल सोडीना आणि पाणी तर बोटाबोटाने वर येत होते. हिराजी बैलाच्या कानाशी काहीतरी बोलत होता. मी काठावर आलो, बाड छातीशी धरून ओरडू लागलो. माझा आवाज दूर जातो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा कुणाला उपयोग झाला.

डोंबिवलीच्या बाजूने डोक्यावर पापडांचा डबा घेतलेला माणूस येत होता. कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीतला सिंधी, लालचंद त्याचे नाव. त्याने हिराजीला पाहिले मात्र, डबा तिथेच ठेवून तो उलटा धावत सुटला. मला वाटले, पळाला. मनात म्हटले, पुरावा दुसरा.

तो परत आला तो खांद्यावर फळी घेऊन. मागे पेंढ्याचे भारे घेतलेले चार गावकरी आणि त्यांच्यामागे, हातात भाजीची पिशवी, अंगात परीटघडीचा सदरा, असा एक डोंबिवलीकर कारकून. सगळे सरळ चिखलात उतरले. पेंढा बैलाच्या पायांखाली कोंबला, फळी आडवी घातली.

"बाबू, वो क्या पकडा है?" लालचंद माझ्यावर ओरडला. "बच्चा है क्या? रख दो. धोती दो, पेट के नीचे डालेंगे."

मी बाड काठावर ठेवले, धोतर सोडून दिले आणि लंगोटावर चिखलात उतरलो. धोतराचा पट्टा बांड्याच्या पोटाखालून गेला. तिघे एका बाजूला, चौघे दुसऱ्या. हिराजीने हाळी दिली. चौथ्या हिसक्याला चिखल पाण्याचा घोट घेतल्यासारखा आवाज करीत सुटला आणि बांड्या फळीवर आला, थरथरत, अंगावर एकही ठिपका न दिसणारा.

मग हिराजी बैलाच्या मानेवर डोके टेकून रडला. कारकुनाने आपला सदरा पाहिला आणि तो हसू लागला, तसे सगळेच हसू लागले.

मी काठाकडे वळलो. बाड नव्हते. भरती अठ्ठेचाळीस पाने घेऊन निवांत दिव्याकडे चालली होती.

लालचंद चिलीम ओढीत सांगत होता. छावणीत आला तेव्हा बायकोने पापड लाटायला घेतले. डाळ मिळाली, मिठाला पैसा नव्हता. डोंबिवलीच्या बाजारात हिराजीने गोणीतून ओंजळभर दिले. "मैंने पूछा, कब लौटाऊँ? बोला, मना नको, दुसऱ्याला दे." लालचंदने आमच्या आगरी हिराजीची इतकी हुबेहूब नक्कल केली की हिराजी लाजला. त्याला ते आठवतही नव्हते.

"आणि तुम्ही?" मी कारकुनाला विचारले. "तुमची या दोघांशी ओळख?"

"छे हो. भाजी घेऊन घरी चाललो होतो. हा धावला, म्हणून मी धावलो."

मीठ अर्धे विरघळले होते. उरलेल्या गोण्या सगळ्यांनी डोक्यावरून पलीकडे नेल्या, गाडीही ढकलत काढली आणि गावकऱ्यांच्या हवाली केली. पुढे डोंबिवलीपर्यंत बांड्या रिकामा चालला. मी त्याचा कासरा धरून शेजारी, लालचंदने गावातून मिळवून दिलेला लेंगा घालून. डोंबिवली स्टेशनाजवळ पोहे चांगले मिळतात. कारकुनाच्या घरी मिळाले ते त्याहून चांगले.

कल्याणला मी सव्वासातला पोचलो. मंडळी बसून होती. अध्यक्षांनी माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत वाळलेला चिखल पाहिला आणि विषयाचे नाव वाचून दाखवले. मी म्हणालो, तो विषय भरतीला लागला. मग जे घडले तेवढेच सांगितले. दहा मिनिटे लागली. टाळ्या भलत्याच जागी पडल्या.

सोमवारी पहिल्या गाडीने घरी आलो. बायकोने लेंग्याकडे बघून विचारले, "धोतर?" मी म्हटले, "बैलाला दिलं." जेवताना तिने माझ्या पानात दोनदा भाजी वाढली.

आता विचार करतो तेव्हा या वाटेचे काय उरले? पायाला दोन फोड, ते बरे होतील. हिराजीने माझ्यासाठी वाट वाकडी केली आणि मी घाई केली म्हणून त्याची चूल विझता विझता राहिली, हे बरे होणार नाही, होऊही नये. आणि त्या कारकुनाचे वाक्य उरले. मी इतकी वर्षे लोकांना धावा म्हणून सांगत आलो. कुणीतरी आधी धावावे लागते, एवढे मात्र मला कळले नव्हते.

म्हणून तुम्हाला उपदेश करीत नाही. मी माझ्या दारात केले आहे, तुम्ही तुमच्या दारात करा. येत्या पाडव्याला गुढी उभारून झाली की दाराबाहेर, रस्त्याच्या बाजूला, एक माठ मांडा. त्यावर पेला ठेवा, सगळ्यांना एकच. पिणाऱ्याला नाव, गाव, जात विचारू नका. त्याला स्वतःच्या हाताने बुडवून घेऊ द्या. शेजारी बघतील, हसतील, आणि आठ दिवसांत दुसरा माठ मांडला जाईल. तोवर तुमचा रिकामा झाला तर पुन्हा भरा.