दिराच्या अंगणातलं ऊन

माझ्या गिरणीचा गळा माझ्या धाकट्या दिराच्या हातात होता. वाटणी झाली, मधोमध भिंत घालून घर तोडलं, पण मीटर राहिलं त्याच्या नावावर आणि मेन स्विच त्याच्या ओसरीत. आमचे मालक ट्रकवर, महिन्यातून कधी तरी घरी. बायका ज्वारीचे डबे घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या, की ह्याचा हात स्विचवर गेलाच. दळण अर्ध्यात अडकायचं. विचारायला गेलं की दात काढून म्हणायचा, "लाईट गेली असंल, वहिनी." आणि आत त्याचा टीव्ही चालू! वेगळं मीटर मागितलं तर सही देईना. हळूहळू बायका दुसऱ्या गिरणीला जायला लागल्या. थांब लेका, म्हणलं, तुला तुझ्याच अंगणात रडवते.

सोलर बसवायचं ठरवलं. कळंबचा वेल्डर जागा बघायला आला. म्हणाला, "प्लेटांचं तोंड दक्षिणेला पायजे. समोर काही आडवं नको." मला हसूच आवरंना. वाटणीच्या वेळी ह्याच दिरानं पंचांसमोर हट्ट धरला होता, की दक्षिणेच्या दाराची बाजू मी घेणार न्हाय, तिकडून यम येतो. ती बाजू आमच्या गळ्यात मारली आणि स्वतः उत्तरेकडची घेतली. म्हणून माझ्या दारापुढं सगळं रान मोकळं, आणि ह्याचं अंगण बरोब्बर माझ्या पाठीशी. घे आता यमाला!

मधल्या भिंतीला लागून गिरणीसाठी पत्र्याची शेड उभी केली. विटा मी वाहिल्या, बांधकामावर पाणी मी मारलं. शेडवर प्लेटांसाठी लोखंडी अँगलचा सांगाडा करायचा होता. वेल्डर म्हणाला, पाय गुडघाभर पुरे.

"पुरुषभर करा," मी म्हणलं.

"वारं धरंल की, वहिनी."

"धरू द्या. पाया खोल घ्या, तिरक्या पट्ट्या मारा. उंची कमी करायची न्हाय."

त्यानं भिंतीपलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावली उत्तरेला लांबच्या लांब पडते, हे त्याला काय मी सांगायचं? "भांडण हाय व्हय?" त्यानं विचारलं. "व्हय, लई जुनं," मी म्हणलं, आणि त्याला चहा दिला.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी दिरानं सवयीनं स्विच पाडला. गिरणी आपली घरघरतेय! तो बाहेर येऊन वर बघत राहिला. काय गार वाटलं माझ्या जिवाला, सांगून सोय न्हाय. बायका परत यायला लागल्या.

मग थंडी पडली आणि माझी सावली त्याच्या अंगणात उतरली. जावेच्या मिरच्या वाळंनात, तुरीला दमट वास यायला लागला. दीर भिंतीवरून बोलला, "वहिनी, सांगाडा जरा खाली घ्या की." मी पीठ चाळता चाळता म्हणलं, "वाटणीत भिंत लिहिली, उंबरा लिहिला. ऊन कुठं लिहिलंय, भावजी?" त्याचा चेहरा पडला. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सासू वाटणीत त्याच्याकडं गेलेली. तिचे गुडघे धरलेले, सकाळचं ऊन हेच तिचं औषध. पण तीन माणसं सोडून मी कुणाचा विचार करत होते? मी, तो आणि त्याची बायको, एवढंच माझं जग झालं होतं. एक दिवस दळण घेऊन आलेली बाई म्हणाली, "अगं, तुझी सासू गटाराकडंला का बसलीय?" मी बाहेर आले. म्हातारीनं ऊन शोधत गोधडी थेट गल्लीत नेली होती. येणारे-जाणारे दिराच्या दाराकडं बघून कुजबुजत होते. खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला. आईला ऊन देता येईना ह्याला, गावात तोंड काळं झालं!

मग मी जवळ गेले. "आत्याबाई, उठा. माझ्या दारात चला. दिवसभर ऊन असतंय."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं, हात धरला न्हाय. "तुझं ऊन मला नको," ती म्हणाली. "त्यानं तुझी लाईट तोडली तवा मी त्याच्याशी आठ दिवस बोलले न्हाय. आता तुझ्याशी."

सांगाडा उतरवला तर दीर जिंकतो. न्हाय उतरवला तर म्हातारी गटाराकडंला. वेल्डरचा नंबर मोबाईलमध्ये हाय. रोज सकाळी गिरणी चालू करते, आणि गल्लीत बघत न्हाय.