रेनातो सर काय म्हणत होते

सव्वा महिना झाला. शाळेत प्रार्थना चालू असताना दवाखान्यातून नंदाचा फोन आला. "ताई, सर गेले. मी हितंच हाय." मी 'हो' म्हटलं आणि मुलांच्या रांगा सरळ करत राहिले.

रेनातो सर ब्राझीलचे, कापोएरा शिकवायचे. ही त्यांच्याकडची लढायची कला. पण गोल करून, वाद्याच्या तालावर, गाणी म्हणत खेळतात, त्यामुळे बघणाऱ्याला नाच वाटतो. योग शिकायला ते भारतात आले, ओळखीच्या एकाबरोबर तीन महिन्यांसाठी नवीन पनवेलला उतरले आणि सहा वर्षं राहिले. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी वर्ग सुरू केला तेव्हा मी, शाळेत पीटी शिकवणारी बाई, नुसतं बघायला गेले. त्यांना इंग्रजी जेमतेम, मराठी शून्य. पोर्तुगीज आमच्यात कुणालाच नाही. पहिल्या दिवशी ते काही बोललेच नाहीत. समोर उभे राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत राहिले. हळूहळू आम्हीही डुलायला लागलो... तास संपल्यावर कळलं, पहिला धडा झाला होता. पळस्प्याहून येणारी नंदा, दोन मुलांची आई, त्या आठवड्यात "मना नाय जमायचा" म्हणून निघाली होती. सरांनी तिच्या चपला उचलल्या, स्वतःच्या हातांत घातल्या आणि हातांवर चालत हॉलभर फिरले. ती हसत सुटली आणि थांबली. पुढे वर्गात सगळ्यांत चांगली तीच खेळायला लागली. आमचं बोलणं मात्र सहा वर्षं हातवाऱ्यांवर आणि दोन-चार शब्दांवरच चाललं.

गेल्या वर्षी सर वर्गात मधेच खाली बसायला लागले. विचारलं की अंगठा वर करायचे. त्यांचा खांदा जरा हलला तरी लाथ कुठून येणार ते आम्हाला कळायचं. पण पोटात दुखतंय हे कळलं नाही. डोळे पिवळे दिसले तेव्हा नंदा आणि मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. कधीपासून दुखतंय, कसं दुखतंय, डॉक्टर विचारत होते. मी मोबाइलच्या भाषांतरात तेच बोलले. सर बराच वेळ बोलले आणि मोबाइलवर उमटलं, 'घर आतून वाहत आहे.' शेवटी मी कागदावर पोट काढलं, सरांच्या हातात पेन दिलं. त्यांनी सगळं पोट काळं केलं. तपासण्यांत निघालं, कॅन्सर यकृतात पसरला होता.

शेवटचे दोन दिवस ते एकच शब्द म्हणत होते. "परत." हा शब्द त्यांना आम्हीच दिलेला, पुन्हा करा, एवढाच त्याचा अर्थ त्यांना वर्गात लागायचा. दुसरा अर्थ त्यांना ठाऊक होता का? नंदा म्हणाली, "ताई, सरांना घरी जायाचा हाय." मला वाटत होतं, काहीतरी पुन्हा हवंय. मी पुन्हा पाणी पाजलं, पुन्हा कूस बदलली, पुन्हा त्यांच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. ते माझ्याकडे बघून पुन्हा तेच म्हणाले, "परत..." प्रवास आता शक्य नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते सरांना कसं सांगायचं? मी त्यांचा हात धरला आणि मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाही सांगता येणार नाही.

सर गेल्यावर, त्यांना तिकडे पाठवायचं की इथंच सगळं करायचं, ते बहिणीला लिहून विचारलं. तिचं उत्तर आलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आम्ही इथंच केलं. योग्य केलं का, माहीत नाही.

वर्ग अजून भरतो. सरांचं एका तारेचं, भोपळा बांधलेलं वाद्य आता नंदा वाजवते. गाणी आम्ही त्यांच्या तोंडून ऐकून देवनागरीत उतरवलेली, अर्थ कुणालाच माहीत नाही. परवा एका ओळीत ती एक शब्द म्हणाली, मी दुसराच. अशा वेळी सर वादन थांबवून ती ओळ सावकाश म्हणायचे. आम्ही दोघी थांबलो, एकमेकींकडे पाहिलं. मग ती तिचा शब्द म्हणाली, मी माझा, आणि गाणं तसंच पुढे नेलं.