न लिहिलेला ‘ई’

कोर्टाच्या जिन्याखाली टायपिस्टबाईंचं टेबल आहे, त्याला तेवीस वर्षं झाली. मशीन आत्याचं, इंग्रजी मात्र स्वतः धडपडत शिकलेलं. सुरुवातीला एका भाडेकरूच्या अर्जात ‘शेजारी आवडत नाहीत’ यासाठी त्यांनी ‘डिस्पाइज’ टाइप केलं. त्यात समोरच्याला तुच्छ लेखणं असतं, हे कळलं ते शेजारी भांडायला आल्यावर. मग बाईंनी नावडीच्या इंग्रजी शब्दांची, त्यांच्या छटांची वहीच केली. हेट मुलं गणितालाही लावतात. लोद (loathe) मध्ये किळस आली. अ‍ॅभॉर भाषणात शोभतो, घरात नाही.

एका सकाळी बेकरीवाले आजोबा आले. तोंड एवढंसं झालेलं. त्यांची सून परमुलखातली, सासऱ्या-सुनेचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तिचं पत्र त्यांनी टेबलावर आपटलं.

‘‘महिनाभर राहून गेली. रोज भट्टीतला पहिला पाव तिला दिला मी. आणि लिहिते काय, तर तुमच्या घराची किळस येते! डिक्शनरीत बघितलंय मी. हेटपेक्षा जबरी शब्द घालून उत्तर टाइप करा.’’

बाईंनी ओळ दोनदा वाचली आणि हसू दाबलं.

‘‘आजोबा, डिक्शनरीतल्या त्या शब्दाला शेवटी ‘ई’ होता ना?’’

‘‘असेल. एका अक्षरानं काय होतंय?’’

‘‘हिनं ‘ई’ लिहिलेलाच नाही. हा लोद नव्हे, लोथ (loath). म्हणजे एखादी गोष्ट जिवावर येणं. ती म्हणतेय, तुमच्या घरातून तिचा पाय निघत नव्हता.’’

आजोबांनी स्टूल जवळ ओढलं. ‘‘पाय निघत नव्हता? परत वाचा बरं.’’

बाईंनी तीनदा वाचलं.

‘‘आणि मी तीन आठवडे तिचा फोन घेतला नाही हो!’’

‘‘मग आता काय लिहू?’’

‘‘लिहा, वरची खोली रिकामी आहे. दोघं या.’’

दोघं आली, ती राहायलाच. मुलानं भट्टी सांभाळली, सून गल्ल्यापाशी उभी राहू लागली, अधूनमधून भट्टीवरही. ‘ट्रे करपवते हो,’ असं आजोबा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगतात.

दुपारी सून बाईंकडे मराठी शिकायला येते. खुर्चीला ‘तो’ म्हणते, टेबलाला ‘ती’. बाई डबा खाता खाता चुका सुधारतात, आणि हल्ली त्यांचं जेवण तासभर चालतं.