एक खाट, तीन चादरी

ही हकीकत सांगायचे मी निवृत्तीनंतरही अनेक वर्षे टाळले. पण ठाण्यातले ते बाकडे आठवले की ती बाईही आठवते. आज लिहून मोकळा होतो.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका गृहस्थांनी तक्रार अर्ज दिला. त्यांची मुलगी विमानात हवाई सुंदरी. मुंबईला विमानतळाजवळ, आमच्याच जिल्ह्यातल्या जानेफळकडच्या एका विधवा बाईच्या खोलीत राहायची. गृहस्थ तिला भेटायला गेले, तेव्हा कळले की मुलीच्या खाटेचे भाडे आणखी दोघी भरतात.

"साहेब, एकच खाट तिघींले! अन् पोरी कव्हाबी येतात, कव्हाबी जातात. मले तं काही बरं दिसत नाही."

बाई त्याच आठवड्यात गावी आली होती. दोन दिवसांनी लेकीचा साखरपुडा होता. मी तिला सकाळीच बोलावले आणि बाहेरच्या बाकड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर बसवले. माणूस बाकड्यावर बसला की आपोआप बोलतो, हा माझा अनुभव.

"साहेब, त्या पोरी सदा उडत राह्यतात," ती म्हणाली. "तिघी एकाच दिवशी क्वचितच खाली असतात. आखी खाट पाहिजे तिले भाडं जास्त, वाटून घेतली तं कमी."

"आणि तिघी एकदम आल्या तर?"

"तं माही खाट देते. मी भुईवर निजते."

हवालदार हसला. "बाई, यष्टीची शिटं इकून राह्यल्या का तुम्ही?"

मीही हसलो. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "खरं सांगा, रात्री-बेरात्री या पोरी येतात कुठून?"

प्रश्नाचा रोख तिला कळला. ती गप्प झाली. मी ते गप्प बसणे कबुलीच धरले.

दुपारी त्या गृहस्थांची मुलगीच वडिलांसोबत ठाण्यात आली. आदल्या दिवशी त्यांचा फोन गेल्यावर ती संभाजीनगरपर्यंत विमानाने, पुढे एसटीने आली होती. तिने बॅगेतून चादर आणि उशीची खोळ काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, खाट एकच, पण चादर जिची तिची. आली की अंथरायची, निघताना गुंडाळायची. सगळ्या विमानवाल्या असंच राहतात. भाडं काकूनं आम्हा तिघींना समोर बसवून ठरवलं."

"मले काऊन नाही सांगितलं?" वडील चिडले.

"सांगितलं असतं तं तुम्ही नोकरी सोडायले लावली असती, बाबा!"

गृहस्थांनी अर्ज मागे घेतला. गुन्हा दाखल केला नव्हता, म्हणून मला हायसे वाटले.

बाई उठली. "साहेब, बाहेरच्या लोकायले एक डाव सांगून द्या, काही नव्हतं म्हणून. पाहुण्यायच्या कानावर जाईन."

"हो हो, जा तुम्ही," म्हणत मी जीपमध्ये बसलो. कोणाला काही सांगितले नाही.

साखरपुडा पार पडल्याचे कळले, तेव्हा मी पहिल्यांदा नीट जेवलो. गप्प बसणाऱ्याला गुन्हेगार समजायचे मी त्यानंतर सोडले. पण हे शिकवायला तिचीच अब्रू पणाला लागली होती.

पुढे निवृत्तीनंतर मेहकरच्या गाडीत ती दिसली. गाडी भरलेली होती. तिने मला ओळखले, मांडीवर पिशवी घेतली आणि सरकली.

"बसा साहेब. होते दोघायची जागा."

मी बसलो. 'बाई, माझं चुकलं,' एवढेच म्हणायचे होते. ती लेकीच्या पोराचे कौतुक सांगत राहिली, मी मान हलवत राहिलो, आणि तिचा थांबा आला.