नवव्या दगडाची जागा

तिसरा खड्डा पाच फूट खाली गेला तरी केबल लागली नाही. मुरूम लागला, कुणाची तरी जुनी चप्पल लागली, केबल नाही. आमचे खोदणारे दोघं, अशोक आणि कैलास, काठावर बसून माझ्याकडं असं बघत होते, जशी काही मीच केबल उचलून नेली.

तेवढ्यात काळे साहेबांचा फोन आला. हे आमचे सुपरवायझर. जालना रोडच्या ऑफिसात बसतात आणि तिथून आम्हाला खोदायला सांगतात.

"सापडली का, मंगलबाई?"

"नाही साहेब."

"नऊ नंबरचाच दगड आहे ना?"

"नऊच आहे."

"मग तिथंच आहे केबल. मशीन खोटं बोलत नसतं. अजून खोल जा."

अजून खोल गेलो असतो तर पाणी लागलं असतं. पण फोनवर मला साहेबांशी बोलायला जमत नाही. समोर असले तर निम्मं तरी बोलते. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी केबल जोडते. या कामाला स्प्लायसिंग म्हणतात. माझी शाळा चौथीपर्यंत. लहानपणी आईबरोबर शहागंजात गजरे ओवायला बसायची, त्यामुळं बोटं बारीक कामाला बसलेली. या कंत्राटदाराकडं आधी मी नाली खोदायला होते. एकदा जोडणारा माणूस आला नाही म्हणून साहेबांनी मला धागे धरायला बसवलं. तेव्हापासून तिथंच आहे. केबलच्या पोटात केसाएवढे काचेचे धागे असतात, आमच्या केबलमध्ये चोवीस. धाग्यातून उजेड जातो आणि त्या उजेडावर नेट चालतं. गावोगावच्या पंचायतीपर्यंत नेट न्यायचं, तिथून शाळा, दवाखाना, घरं जोडायची, असं ते काम. आम्ही खोदत होतो ते गाव चिकलठाण्याच्या पुढं बरंच आत आहे. नाव लिहीत नाही, लोक ओळखतील.

मंगळवारी त्या गावाचं नेट गेलं. कुठं तुटलं ते सांगणारं एक मशीन असतं, त्याला ओटीडीआर म्हणतात. पंचायतीच्या खोलीत ते केबलला लावायचं. ते धाग्यात उजेड सोडतं, उजेड तुटल्या जागेवरून माघारी येतो, आणि किती मीटरवर तुटलं तो आकडा दिसतो. आकडा आला अठराशे चाळीस. वाटेत दोन ठिकाणी वीस-वीस मीटर जास्तीची केबल गुंडाळून पुरलेली असते, ती वजा केली की अठराशे. केबल जिथून जाते तिथं दर दोनशे मीटरवर एक सिमेंटचा दगड पुरतात. वर नारंगी रंग, त्यावर नंबर, खाली इंग्रजीत काहीतरी. ते इंग्रजी मला वाचता येत नाही. गावातही कुणी वाचलं नव्हतं, हे मला रविवारी कळलं. तर अठराशे म्हणजे नववा दगड. दगडाच्या पायाशी खोदायचं, तुटकी टोकं काढायची, जोडायची, घरी जायचं. इतकं सोपं होतं. त्यात शनिवार उजाडला आणि तीन खड्डे झाले.

चार वाजता रेहाना चहा घेऊन आली. गावातलीच मुलगी, तेवीस-चोवीसची. आधी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. आईला लकवा झाला, घर सोडता येईना, तेव्हा तिनं गावात नेट आल्याबरोबर पहिलं कनेक्शन घेतलं आणि घरी बसून एका कंपनीचे फोन घ्यायला लागली. कुणाचा फ्रिज बिघडला की तो फोन रेहानाला येतो. मोबाइलच्या नेटवर ते काम होत नाही. तिच्या घरात रेंज एका खिडकीतच येते, तीही वारं असल्यासारखी येते-जाते.

"मावशी, आज होतं का?"

"बघू."

"बघू नक्को बोलो ना. सोमवारी दहाला माझी ड्युटी लागते. कंपनीनं सांगितलंय, सोमवारी लाइनवर आली नाहीस तर आयडी बंद. आधीच चार दिवस सुट्टी पडली."

"ऑफिसात फोन केला होता?"

"रोज करते. आपकी शिकायत दर्ज हो गई है, म्हणतात." ती हसली. "मी दिवसभर लोकांना हेच सांगते, मावशी. आता मलाच कुणीतरी सांगतंय. कसं लागतं ते कळलं."

तिनं चहाचे ग्लास गोळा केले. जाताना खड्ड्यात वाकून बघितलं आणि घराकडं वळली. मला तिचं ते वाकून बघणंच लागलं.

रविवार आमच्या सुट्टीचा. पण मी अशोक-कैलासला यायला सांगितलं आणि सकाळी मुकुंदवाडीहून निघाले. खड्डा मारायच्या आधी पंचायतीपासून दगड मोजत चालायचं ठरवलं. सोबत मोजायची टेप घेतली. पहिले सहा दगड बरोबर निघाले, दोनशेला दोन-चार मीटर इकडंतिकडं. सहा ते सात, एकशे दहा. सात ते आठ, दोनशे साठ. आठ ते नऊ, तीनशे चाळीस. मी परत मोजलं. तेच.

"दगड चालतेत का काय, अक्का?" अशोक म्हणाला.

मी साहेबांना फोन लावला. दगड जागेवर नाहीत म्हणून सांगितलं.

"दोन-दोन माणसांना न उचलणारे दगड आहेत ते. कुठं जातील?"

"नकाशा आहे का साहेब?"

नकाशा त्यांनी मोबाइलवर पाठवला. त्यात पंचायतीपासून पाझर तलावापर्यंत एक सरळ रेघ होती. रस्ता तीन ठिकाणी वळतो आणि केबल दोनदा रस्ता ओलांडते. रेघ कुणीतरी ऑफिसात बसून पट्टीनं ओढलेली होती. सहाव्या दगडापासून सहाशे मीटर मोजावेत तर केबल कुठल्या बाजूनं जाते आणि कुठं रस्ता ओलांडते तेच कळत नव्हतं. ताजी माती बघून शोधावं म्हटलं तर त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ताजी मातीच होती. उन्हाळ्यात जो तो पाइप टाकतो.

नववा दगड ज्या शेताच्या तोंडाशी उभा होता ते शेत भानुदास तात्यांचं. त्यांच्या मंडळी शकुंतलाबाई हौदावर धुणं धूत होत्या. पुरुषांशी बोलायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून आधी त्यांच्याजवळ बसले. दगडाचं विचारलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसू लागल्या.

"ते नारंगी दगड व्हय? ते समदे हिंडतेत, बाई."

मग त्यांनी सांगितलं. मागं मोठा रस्ता झाला तेव्हा आधी असेच नंबरचे दगड आले होते. ज्यांच्या रानात दगड आले त्यांची जमीन गेली, पण त्यांची घरं दोन मजली झाली, दारात गाड्या आल्या. त्यामुळं हे दगड दिसले तेव्हा गावानं ठरवूनच टाकलं की रस्ता येतोय. ज्यांना जमीन द्यायची नव्हती त्यांनी दगड ढकलून दिले. ज्यांना द्यायची होती त्यांनी ट्रॉलीत घालून आपल्या बांधावर आणले.

"तात्यांनी आणला का?" मी विचारलं.

"मी काय बी बोलले नाय," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि जोरात आपटायला लागल्या.

तात्या दगडाजवळच लिंबाच्या सावलीत बसलेले होते. मी मान खाली घालून विचारलं, हा दगड आधी कुठं होता.

"इथंच. पयल्यापासून इथंच."

"तात्या, हा केबलचा दगड आहे. नेटची केबल. रस्त्याचा नाही."

"तसंच सांगतेत पयलं. मागच्या बारीला बी म्हणले व्हते, नुसतं मोजमाप हाय. आमाला खुळं समजू नका."

"रस्ता येणार नाही, तात्या."

"तसं लिहून द्या."

मी कुठून लिहून देणार. बरं, दिलं असतं तरी मी दिलेलं त्यांनी फाडलं असतं.

शेजारचं शेत सांडू अण्णांचं. तात्यांचे चुलतभाऊ. बांधावरून दोघांचं बोलणं बंद आहे. सांडू अण्णांना विचारलं, तुमच्या हद्दीत एखादा दगड होता का.

"नव्हता."

"इथं कुणी जेसीबी लावला होता का?"

"आपल्याला म्हाइत नाय."

अकरा वाजले. मी सांगितलेलं साहेबांना पटलं असावं, किंवा रविवारी घरी करमत नसावं, पण ते गाडी घेऊन आले. आले ते थेट तात्यांवर. सरकारी मालमत्ता, चोरी, गुन्हा दाखल करतो, असं सगळं. तात्या उठले आणि जाऊन दगडावर बसले. "करा दाखल," म्हणाले. गावातली पंधरा-वीस माणसं जमली. प्रत्येकाला गावाचं नेट पाहिजे होतं, आणि एकालाही कुणाचा दगड कुठं होता ते आठवत नव्हतं. ज्यांनी दगड हलवले तेच तिथं उभे राहून म्हणत होते, कंपनीचं कामच लई ढिसाळ.

गर्दीच्या मागं रेहाना उभी होती. हातात मोबाइल, त्यात दर दोन मिनिटांनी वेळ बघायची.

मला त्या वेळी फार राग आला, आणि रागात एक गोष्ट लक्षात आली. मी सगळ्यांना चुकीचं विचारत होते. मी तात्यांना तात्यांचं विचारलं, अण्णांना अण्णांचं. आपलं कोण सांगेल.

मी तात्यांच्या जवळ गेले. हळूच म्हणाले, "तात्या, तुमचा दगड राहू द्या. सांडू अण्णांनी जेसीबी लावला होता का हो?"

तात्यांचा चेहरा एकदम खुलला. "मंगळवारी. सकाळीच. हिरीपासनं रस्ता फोडून पलीकडं पाइप नेला त्यानं. कुनाला इचारलं नाय, सवरलं नाय. त्या बाभळीपाशी."

मग मी अण्णांकडं गेले. "अण्णा, तात्यांनी तो दगड कुठून आणला असेल?"

"असेल काय, मी डोळ्यानं बघितलाय. माझ्या हद्दीतून नेला की. बाभळीच्या बुडाला व्हता. ट्रॉलीत घालून नेला लबाडानं."

दोघांनी एकच बाभूळ दाखवली. चार दिवस जी जागा मशीनला, नकाशाला आणि साहेबांना सापडली नाही, ती पाच मिनिटांत सापडली. आम्ही खोदत होतो तिथून ती बाभूळ शंभर-सव्वाशे मीटर अलीकडं होती.

अशोक-कैलासनी माती काढली. तीन फुटांवर अण्णांचा नवा पाइप, आणि त्याच्या खाली पाइपाला चिकटूनच आमची केबल. तुटलेली होती, पण नुसती तुटलेली नाही. कुणीतरी दोन्ही टोकं सोलून, चोवीसच्या चोवीस काचा एकात एक पिळून, वर काळी टेप गुंडाळली होती. टेप चांगली मनगटाएवढी जाड होती.

साहेबांनी ते बघितलं आणि खालीच बसले.

सांडू अण्णा पुढं झाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "जेसीबीचा दात लागला, साहेब. पण मी तशीच नाय टाकली. लगेच जोडली. घट्ट जोडली व्हती."

"अण्णा, ती काच आहे," साहेब म्हणाले.

"काच? जमिनीत काच कोन पुरतं?"

खरं म्हणजे त्या माणसानं मनापासून जोडली होती. मोटारीची वायर जोडतात तशी. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की खाली काय आहे. जो दगड सांगत होता तो इंग्रजीत सांगत होता, आणि आता तर तोही तिथं नव्हता.

पिळलेली केबल दोन्हीकडून मीटरभर कापावी लागली. मग मधे नवा तुकडा घालावा लागला, म्हणजे दोन्ही टोकांना चोवीस-चोवीस, अठ्ठेचाळीस जोड. धूळ बसली तर जोड फुकट जातो. म्हणून टेम्पोच्या मागं ओली चादर लावली आणि मी आत बसले. धागा सोलायचा, स्पिरिटनं पुसायचा, सरळ कापायचा, मशीनमध्ये दुसऱ्या धाग्यासमोर ठेवायचा. मशीन ठिणगी देतं आणि काचेला काच मिळते. रंग बघून जोडायचं, निळ्याला निळा, नारंगीला नारंगी. या कामात मला कुणाशी बोलावं लागत नाही. बाहेर मात्र तात्या आणि अण्णा चार वर्षांनी एकमेकांशी बोलत होते. शिव्याच देत होते, पण बोलत होते.

साडेपाचला पंचायतीतून कैलासचा फोन आला, उजेड आला म्हणून. दहा मिनिटांनी रेहाना चालत नाही, पळत आली. तिच्या घरच्या नेटच्या डब्यावरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला होता.

"मावशी, सोमवारपर्यंत राहील ना?"

"त्यांनी परत पाइप टाकला नाही तर."

सोमवारी सव्वादहाला तिचा फोन आला. "मावशी, आयडी चालू आहे. ठेवते, एक फ्रिजवाला लई ओरडतोय." आवाजात आनंद होता. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाचा इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा ऐकला.

साहेबांनी रिपोर्टमध्ये तुटण्याचं कारण उंदीर लिहिलं. जेसीबी लिहिलं तर पंचनामा, जबाब, आणि ते सगळं करायला परत याच गावात यावं लागलं असतं. बाभळीच्या बुडाशी नवा दगड पुरला, त्यावर मराठीत 'खाली नेटची केबल आहे' असं लिहून घेतलं. तेवढं मी साहेबांना समोरासमोर सांगितलं होतं. जुना दगड तात्यांनी दिला नाही. त्यामुळं त्या रस्त्यावर आता नऊ नंबरचे दोन दगड आहेत. पुढच्या वेळी येणाऱ्याची गंमत होणार आहे.

तेव्हापासून कुठल्याही गावात केबल सापडेना झाली की मी नकाशा मागत नाही. ज्याच्या रानात आहे त्यालाही विचारत नाही. त्याच्या शेजाऱ्याला विचारते. चुलतभाऊ असेल तर जागा फूटभरही चुकत नाही.